सकाळची गोळी चालेना: पार्किन्सन्स, सप्लिमेंट आणि एक स्टीलचा डबा

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या औषधाच्या दुकानात मी सोळा वर्षं फार्मासिस्ट म्हणून काम करते. हे प्रकरण आमच्या गल्लीतल्याच एका घरातलं. घरच्यांची परवानगी घेऊन लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत, औषधं आणि त्यांच्या वेळा मात्र जशाच्या तशा आहेत.

रुग्णाला सगळी गल्ली आबा म्हणते. वय 69. तरुणपणी तालमीत घुमलेले, पुढे साखर कारखान्यात नोकरी केली. दहा वर्षांपासून मधुमेह आहे, त्यासाठी मेटफॉर्मिन चालू. चार वर्षांपूर्वी उजवा हात थरथरायला लागला, चालताना तो हात हलेनासा झाला, अक्षर बारीक होत गेलं. न्यूरॉलॉजिस्टनी पार्किन्सन्सचं निदान केलं आणि लेव्होडोपा 100 मिलिग्रॅम व कार्बिडोपा 25 मिलिग्रॅम अशी एकत्र गोळी दिली. दिवसातून चार वेळा: सकाळी 7, 11, दुपारी 3 आणि संध्याकाळी 7. पहिली तीन वर्षं बरी गेली. आबा रोज रंकाळ्यावर फेरी मारून यायचे.

एका सोमवारी त्यांचा मुलगा दुकानात आला तो चेहरा उतरवूनच.

"मॅडम, आबांची सकाळची गोळी चालंनाच झालीया. साताला देतोय, अकरापर्यंत माणूस खुर्चीतनं उठत न्हाई. मग दुपारी उलटंच, अंग नुसतं वळवळतंय. रोग लईच वाढला म्हणायचा. डॉक्टरांची तारीख पुढच्या महिन्यात हाय. तवर ह्यात आणखी काय सप्लिमेंट देता येईल काय बघा की."

"आणखी" हा शब्द ऐकून मी थांबले. आत्ता काय काय चालू आहे, असं विचारलं. त्याला चार नावं आठवली. म्हटलं, नावं नकोत, घरात जे असेल ते सगळं घेऊन ये. चूर्ण, पुड्या, अर्ध्या पट्ट्या, सगळं.

डबा

संध्याकाळी तो आईला घेऊन आला. काकींच्या हातात दिवाळीच्या फराळाचा स्टीलचा डबा होता, पदराखाली धरलेला. त्यांनी तो काचेच्या काउंटरवर उपडा केला. प्रत्येक पट्टीवर निळ्या पेनाने "सका", "दुपा", "झोपता" असं लिहिलेलं. बाटल्यांच्या झाकणांवर चिकटपट्टी, तिच्यावर आणल्याची तारीख. चार वर्षं एक बाई नवऱ्याच्या आजाराशी कशी झुंजते आहे, हे त्या अक्षरांत दिसत होतं. मला आधी तेच बोलावंसं वाटलं आणि मी बोललेही. डबा घेऊन आलेल्या माणसाला पहिल्याच वाक्यात "हे कशाला घेता" असं म्हटलं की पुढच्या वेळी तो निम्म्या बाटल्या घरीच ठेवून येतो.

पार्किन्सन्सच्या, मधुमेहाच्या गोळ्या सोडून मोजल्या तेव्हा अकरा वस्तू निघाल्या. पुण्याच्या पुतण्याने पाठवलेलं कोएन्झाइम क्यू10, 100 मिलिग्रॅमचं. ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल. माशाच्या तेलाच्या. हळद-मिरीच्या. बी कॉम्प्लेक्स. डी जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची कॅप्सूल. लोहाची गोळी. प्रोटीन पावडरचा मोठा डबा. अश्वगंधा. खाजकुहिलीच्या बियांचं, म्हणजे कवचबीजाचं चूर्ण. आणि पोट फुगतं म्हणून एका ठिकाणाहून लिहून आणलेली ॲसिडिटीची कॅप्सूल. मुलाच्या हिशेबाने महिन्याला साडेचार हजार रुपये जात होते.

लोहाची पट्टी उलटी करून बघितली तर मागे आमच्याच दुकानाचा किमतीचा कागद चिकटलेला. सून "रक्तवाढीची गोळी द्या, अशक्तपणा आलाय" म्हणाली असणार आणि आमच्याकडून पट्टी गेली. कुणासाठी, हे विचारायला हवं होतं. ते मी विचारलं नाही. ही चूक माझी आणि ती कशी महागात पडली ते पुढे येईलच.

गोळी पोटातून मेंदूपर्यंत कशी जाते

हे समजल्याशिवाय डब्यातल्या कुठल्याच वस्तूचं वजन करता येत नाही, म्हणून मी ते त्या दोघांना काउंटरवरच कागदावर काढून दाखवलं.

पार्किन्सन्समध्ये मेंदूच्या खोल भागातल्या, डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. डोपामाइन थेट गोळीतून देऊन उपयोग नाही, कारण रक्तातून ते मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा शिरतं आणि आत गेल्यावर त्याचं डोपामाइन होतं. पण बरंचसं लेव्होडोपा वाटेतच, मेंदूबाहेर, खर्ची पडतं. तो खर्च अडवायला सोबत कार्बिडोपा असतं.

लेव्होडोपा हे मुळात एक अमिनो आम्ल आहे. दूध, मटण, डाळ यांतली प्रथिनं पचली की त्यांचीही अमिनो आम्लंच होतात. लहान आतड्यातून रक्तात आणि पुढे रक्तातून मेंदूत शिरताना या सगळ्यांना एकाच दारातून जावं लागतं. दारात गर्दी झाली की लेव्होडोपा मागे राहतं. म्हणून ही गोळी जेवणाआधी निदान अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. आजार नवा असताना मेंदूच्या उरलेल्या पेशी थोडंफार डोपामाइन साठवून ठेवतात, त्यामुळे वेळ चुकली तरी निभतं. चार-पाच वर्षांनी ती साठवण संपत येते आणि प्रत्येक गोळीचा हिशेब शरीरावर दिसायला लागतो. आबांच्या बाबतीत "गोळी अचानक चालेना" याचं अर्धं उत्तर इथेच होतं. सवयी जुन्याच होत्या, त्या झाकून घेणारी साठवण सरली होती.

मी काकींना विचारलं, सातची गोळी कशाबरोबर घेतात?

"दुधाबरोबर की. आन् कशाबरोबर?"

कोल्हापुरात हा प्रश्नच चुकीचा ठरतो. तालमीत वाढलेल्या माणसाने गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर उभं राहून, डोळ्यांदेखत काढलेलं म्हशीचं फेसाळ दूध प्यायचं, हा इथला शिरस्ता आहे. आबांना आता जाता येत नाही, तर मुलगा किटली घेऊन जातो. त्या पेल्यात गेल्या सहा महिन्यांपासून दोन चमचे प्रोटीन पावडर पडत होती, कारण आबांचं वजन सहा किलोने उतरलं होतं. आणि त्याच घोटाबरोबर लोहाची गोळी जायची, कारण ती "सकाळी रिकाम्या पोटी" घ्यायची असं काकींना कुणी सांगितलं होतं.

लोह आणि लेव्होडोपा पोटात एकत्र आले की एकमेकांना धरून बसतात, त्यांची जोडी आतड्यातून शोषली जात नाही. निरोगी माणसांवर झालेल्या एका जुन्या अभ्यासात लोहाबरोबर घेतलेल्या लेव्होडोपाचं रक्तातलं एकूण प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं. म्हणजे सातची गोळी आधी लोहाने अडवली आणि जी सुटली ती दूध-पावडरीच्या गर्दीत सापडली. आबांच्या हातापायांपर्यंत पोचणार काय?

वही

तरी नुसत्या तर्कावर मी काही बदलायला सांगितलं नाही. आबांची नात नववीत आहे. तिला म्हटलं, तीन दिवस, शुक्रवार ते रविवार, दर अर्ध्या तासाला आबांकडे बघ आणि तीनपैकी एक शब्द लिही: मोकळे, अडकलेत, वळवळ. शेजारी त्या वेळी पोटात काय गेलं तेही लिही. न्यूरॉलॉजिस्टही रुग्णाला अशीच नोंद ठेवायला सांगतात, ही काही माझी युक्ती नव्हे.

पोरीने आलेखाच्या वहीत रंगीत पेनांनी नोंद आणली. मोकळे असतील तिथे हिरवा चौकोन, अडकलेले तिथे लाल, वळवळ तिथे नारिंगी. तिन्ही दिवस सकाळी सात ते साडेअकरा सगळी पट्टी लाल. साडेअकराला एकदम हिरवी आणि बाराच्या आत नारिंगी, ती दीड वाजेपर्यंत. रविवारी दुपारी तीननंतर पुन्हा सलग लाल, पाच वाजेपर्यंत. त्या चौकोनांखाली तिने बारीक अक्षरात लिहिलं होतं: "दीड वाजता मटण, तांबडा, पांढरा."

नारिंगी पट्टीचं उत्तर साडेदहाच्या नोंदीत होतं: "चूर्ण एक चमचा, कोमट पाणी."

कवचबीजाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे याच वस्तूबद्दल सर्वांत जास्त अर्धवट बोललं जातं. एका बाजूला "नैसर्गिक आहे, अपाय नाही" म्हणणारे, दुसऱ्या बाजूला "गावठी, काही उपयोग नाही" म्हणणारे. दोन्ही चूक. आयुर्वेदात कंपवातावर ही बी फार पूर्वीपासून वापरतात आणि तिच्यात खरोखरचं लेव्होडोपा असतं. भारतातल्याच संशोधकांनी 1937 साली ते या बियांतून वेगळं काढलं, पाश्चात्त्य वैद्यकात लेव्होडोपा पार्किन्सन्सचं औषध म्हणून रुजण्याच्या जवळपास तीस वर्षं आधी. बियांत त्याचं प्रमाण साधारण 4 ते 6 टक्के. म्हणजे पाच ग्रॅमच्या चमच्यात 200 ते 300 मिलिग्रॅम लेव्होडोपा असू शकतं. बी कुठली, शुद्ध कशी केली, दळून किती दिवस झाले, यावर ते बदलतं. पुडीवर आकडा नसतो.

नुसतं चूर्ण घेतलं तर त्यातलं बरंचसं लेव्होडोपा वाटेत खर्च होतं. पण आबांच्या रक्तात सिंडोपातून, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या लेव्होडोपा-कार्बिडोपाच्या गोळीतून, आलेलं कार्बिडोपा दिवसभर हजर होतं, ते वाटेतला खर्च अडवत होतं. त्यामुळे चूर्णातल्या लेव्होडोपाला आयताच पहारेकरी मिळाला. त्यावर अकराची गोळी, तीही पोट बऱ्यापैकी रिकामं असताना. बारा वाजता आबांच्या मेंदूत गरजेपेक्षा कितीतरी जास्त डोपामाइन आणि म्हणून अंग वळवळ. घरच्यांना चूर्ण हे सप्लिमेंट वाटत होतं. प्रत्यक्षात ती मोजमाप नसलेली पाचवी गोळी होती.

म्हणजे सकाळी औषध कमी पोचत होतं आणि दुपारी जास्त. बाहेरून बघणाऱ्याला मात्र रोग लहरी झालाय, वाढलाय, असंच दिसणार. या स्थितीत कुणी "सकाळी चालत नाही" एवढंच सांगून डोस वाढवून आणला असता, तर सकाळ लालच राहिली असती आणि दुपार आणखी बिघडली असती.

कागद आणि तारीख

औषधात बदल करणं माझं काम नाही. लोहाची गोळी थांबवा आणि सातची गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्या, एवढं मी वही बघितली त्याच दिवशी सांगितलं. वर्षाच्या तपासणीत हिमोग्लोबिन 13.4 होतं, लोहाची गरजच दिसत नव्हती. चूर्णाला मात्र हात लावला नाही. त्यात लेव्होडोपा आहे आणि लेव्होडोपा शरीराला सवयीचं झाल्यावर एकाएकी तोडलं तर अंग ताठून ताप चढण्यापर्यंत वेळ येऊ शकते. अकरा वस्तूंची यादी, वेळा आणि पोरीची वही असं सगळं मुलाच्या हाती देऊन न्यूरॉलॉजिस्टकडे तारीख अलीकडे घ्यायला लावली.

यादीतल्या अकराव्या वस्तूखाली मी दोन रेघा मारल्या होत्या. ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये आम्ल कमी करणाऱ्या औषधाबरोबर लेव्होसल्पिराइड होतं. आपल्याकडे पोटफुगीवर हे जोडऔषध सर्रास दिलं जातं. नाव लेव्होडोपासारखं वाटलं तरी काम बरोबर उलटं: ते डोपामाइनच्या कुलपात जाऊन बसतं आणि किल्ली फिरू देत नाही. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड आणि चक्करेवरच्या सिनारिझिन, फ्लुनारिझिन या गोळ्यांचंही तेच. धडधाकट माणसालाही या औषधांनी पार्किन्सन्ससारखी लक्षणं येऊ शकतात, मग ज्याला आजारच आहे त्याची काय कथा. आबा ती कॅप्सूल तीन महिने घेत होते. ही सप्लिमेंट नाही, तरी या प्रकरणात लिहिते आहे, कारण ती सप्लिमेंटच्या डब्यातच सापडली. रुग्णाच्या घरी औषध आणि पूरक असे दोन कप्पे नसतात. जे डब्यात असतं, ते पोटात जातं.

न्यूरॉलॉजिस्टनी वही उघडून पाच मिनिटं नुसती बघितली, असं मुलाने सांगितलं. नंतर लेव्होसल्पिराइड बंद, चूर्ण आठवड्याने अर्धा चमचा आणि मग बंद, डोस आहे तोच. आडवं असताना आबांचा रक्तदाब 130/80 होता, उभं राहिल्यावर 104/66 झाला. ही घसरण आजारानेही होते, औषधानेही. चूर्ण काढायला ते एक आणखी कारण. बी12, डी जीवनसत्त्व आणि कॅल्शियम तपासायला सांगितलं.

जे हवं होतं ते डब्यात नव्हतं

बी12 आलं 162, जिथे 200 च्या खाली कमी मानतात. दहा वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्याचं बी12 उतरू शकतं, हे जुनं ज्ञान आहे. लेव्होडोपाही शरीराला बी12 आणि त्याच्या जोडीची जीवनसत्त्वं जास्त वापरायला लावतं, ती कमी पडली की वाढणारा होमोसिस्टीन नावाचा रक्तातला घटक वाढवतं. आबांच्या तळपायांना मुंग्या यायच्या. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जायचा. घरच्यांनी हेही पार्किन्सन्सच्या खात्यात टाकलं होतं. पट्टीत बी कॉम्प्लेक्स होतं, पण त्यातलं बी12 काही मायक्रोग्रॅम, एवढी तूट भरून काढायला अपुरं. इंजेक्शनं सुरू झाली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. "पार्किन्सन्सच्या माणसाने बी6 घ्यायचं नाही" असं अजून बरेच जण सांगतात आणि त्या भीतीने बी12ची इंजेक्शनंही टाळतात. बी6मुळे लेव्होडोपा वाटेत लवकर खर्ची पडतं, हे खरं. पण ती गोष्ट नुसतं लेव्होडोपा दिलं जायचं त्या काळातली. सोबत पुरेसं कार्बिडोपा असेल तर साध्या मात्रेतलं बी6 आड येत नाही. उलट कार्बिडोपाचा डोस मोठा असेल तर शरीरातलं बी6 कमी पडू शकतं. महिनोन्महिने भारी मात्रेत बी6 घेणं मात्र वाईटच, त्यानेच नसा खराब होऊन मुंग्या येतात.

डी जीवनसत्त्व आलं 108, म्हणजे चढं. 60,000ची कॅप्सूल आठवड्याला एक, आठ आठवडे, असं दीड वर्षांपूर्वी लिहून दिलेलं होतं. ती थांबवायची असते हे कुणी सांगितलं नाही. काकी इमानेइतबारे दर गुरुवारी देत राहिल्या. पडून हाडं मोडण्याचा धोका असलेल्या या रुग्णांत डी जीवनसत्त्वाची तूट भरून काढणं अगदी योग्य, सुरुवातीला ते योग्यच होतं. तूट भरल्यावरही तेच चालू ठेवलं की रक्तातलं कॅल्शियम चढतं, बद्धकोष्ठ वाढतं, मूत्रपिंडाला त्रास होतो. आबांचं कॅल्शियम नशिबाने ठीक निघालं. कॅप्सूल बंद केली. तीन महिन्यांनी आकडा 61 वर आला.

क्यू10चं काय करायचं

खरा वाद इथे झाला. बाकीच्या वस्तू कुणीतरी सांगितल्या म्हणून आल्या होत्या. क्यू10 पुतण्याने प्रेमाने पाठवलं होतं आणि सोबत बरंच वाचूनही पाठवलं होतं. त्याचं वाचन खोटं नव्हतं. पार्किन्सन्समध्ये पेशींच्या ऊर्जाघरांत बिघाड दिसतो, क्यू10 त्याच ऊर्जाघरांत काम करतं. 2002 साली अमेरिकेत 80 रुग्णांवर छोटी चाचणी झाली आणि जास्त डोस घेणाऱ्यांची घसरण मंदावल्यासारखी दिसली. आशा वाटावी असंच होतं ते. म्हणून मग 600 रुग्णांवर मोठी चाचणी घेतली, रोज 1200 आणि 2400 मिलिग्रॅम देऊन. 2011 साली ती मध्येच थांबवावी लागली, कारण औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला तशा गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा काडीचा फायदा होत नव्हता. 2014 साली निकाल छापून आले.

मुलगा म्हणाला, "म्हंजे आबांना 100 मिलिग्रॅम देऊन…"

वाक्य त्याने पुरं केलं नाही. जे 1200ने झालं नाही, ते 100ने कसं होणार, हे त्याला सांगावं लागलं नाही.

ही एकट्या क्यू10ची कहाणी नाही. ई जीवनसत्त्व रोज 2000 युनिट देऊन 800 रुग्णांवर पाहिलं, 1993 साली निकाल आला, उपयोग शून्य. क्रिएटिन रोज 10 ग्रॅम, 1741 रुग्ण, वर्षानुवर्षं; तीही चाचणी थांबवली, 2015 साली छापली. इनोसिन 298 रुग्णांना दिलं, 2021 साली निकाल आला: आजार तसाच, मूत्रपिंडात खडे मात्र जास्त. प्रत्येकामागे चांगला तर्क होता, प्रयोगशाळेत चांगले निकाल होते. हात थरथरायला लागतो तोवर पेशींचा मोठा हिस्सा आधीच गेलेला असतो, हे या अपयशांमागचं एक कारण मानलं जातं. या चाचण्यांत हजारो रुग्णांनी आपली वर्षं दिली म्हणून आज आबांच्या मुलाला सरळ उत्तर देता येतं. ते उत्तर मोलाचं आहे, जरी ते "नाही" असलं तरी.

मी त्याला क्यू10 बंद कर असं म्हटलं नाही. त्याने आबांच्या गोळीला अपाय होत नव्हता. एवढंच म्हटलं की त्या पैशात दर आठवड्याला फिजिओथेरपिस्ट घरी येऊ शकतो आणि व्यायामाचा पुरावा बाटलीपेक्षा कितीतरी भक्कम आहे. ताई-ची या संथ व्यायामावर 195 रुग्णांची चाचणी 2012 साली छापली गेली, त्यात तोल सुधारला आणि पडणं कमी झालं. त्यावर तो गप्प बसला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "काहीतरी करायला पाहिजे न्हवं, मॅडम. नुसतं बघत कसं बसायचं?"

मला वाटतं, डब्यातल्या निम्म्या बाटल्या या एका वाक्यातून आल्या होत्या. आजार पुढे सरकताना हात बांधून बसणं पोराला जमत नाही. त्याला फक्त थांबायला सांगितलं तर तो दुसरं दुकान गाठेल. करण्यासारखं काहीतरी त्याच्या हातात द्यायला हवं, आणि ते खरोखर उपयोगाचं हवं.

क्यू10ची उघडलेली बाटली त्यांनी संपवली. दुसरी मागवली नाही. हळद-मिरी, माशाचं तेल, ई जीवनसत्त्व यांनी कंप किंवा मंदपणा कमी होतो असा आधार नाही, ती गेली. अश्वगंधेने झोप लागते असं काकींचं म्हणणं होतं. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आणि आबांचा उभं राहिल्यावर पडणारा रक्तदाब हे दोन्ही सांगितल्यावर त्यांनी ती स्वतःच बाजूला केली.

बाटल्यांची मागची बाजूही मी मुलाला वाचायला लावली. बारीक इंग्रजी अक्षरात "नॉट फॉर मेडिसिनल यूज" असं छापलेलं होतं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2016च्या नियमांप्रमाणे अशा पूरकांवर ते छापावंच लागतं, कारण कायद्याने ती औषधं नाहीत, अन्न आहेत. आणि औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या "जे" परिशिष्टात पार्किन्सन्सचं नाव आहे: हा आजार बरा करतो असा दावा कुठल्याही औषधाने करायचा नाही. मोबाइलवरच्या जाहिरातींत मात्र हा दावा रोज दिसतो.

दूध आणि मटण

प्रथिनं बंद करायची नव्हती, हे पुन्हा सांगते. वजन उतरलेल्या माणसाची प्रथिनं तोडली तर तो आणखी खचतो. ती फक्त गोळीच्या वाटेतून सरकवायची होती. मी आबांना भेटायला घरी गेले, तेव्हा त्यांनी आधीच बजावलं.

"दुधाचं नाव काढू नगंस, पोरी. साठ वर्सं झाली."

काढलं नाही. पहिली गोळी साडेसहाला, पेलाभर पाण्याबरोबर. आठच्या सुमाराला चहा, भाकरी किंवा पोहे. किटलीतलं दूध उकळून रात्री नऊला, प्रोटीन पावडर त्यातच, कारण शेवटची गोळी सातला होऊन गेलेली असते आणि रात्री थोडं अडकलं तरी चालतं. रविवारच्या मटणावर मात्र तडजोड झाली. मी ते रात्री करा म्हणत होते, आबा ऐकेनात. शेवटी जेवण दीडऐवजी साडेबाराला, अकराची गोळी अंगात असतानाच, आणि तीनची गोळी साडेतीनला. मटण चार फोडी, रस्सा हवा तेवढा. शास्त्राच्या दृष्टीने हे बरोबर जमलेलं नाही. रविवारी दुपारी अर्धा तास आबा अजून अडकतात. ते त्यांना मान्य आहे.

बद्धकोष्ठाकडेही लक्ष दिलं, कारण पोट पुढे सरकेना तर गोळीही आतड्यात उशिरा पोचते. पाणी वाढवलं, दुपारी ताक, रात्री इसबगोल, तेही गोळीपासून लांब.

तीन आठवड्यांनी पोरीने पुन्हा तीन दिवस वही भरली. सकाळी साडेसातपासून हिरवं. नारिंगी जवळपास नाही. लेव्होसल्पिराइडचा परिणाम उतरायला आठवडे ते महिने लागतात, त्यामुळे पुढच्या दोन महिन्यांत आबांचा चेहराही थोडा बोलका झाला. बी12 भरल्यावर मुंग्या कमी झाल्या, गेल्या नाहीत. हाताचा कंप आहे तसाच आहे. दाराच्या चौकटीत पाय खिळतात तेही आहे. त्यासाठी फिजिओथेरपिस्टने उंबऱ्यापाशी रंगीत पट्टी चिकटवली आणि आबांना तालमीतल्या बैठकांसारखं मोठ्याने एक-दोन मोजत पाय उचलायला शिकवलं.

गेल्या महिन्यात मुलगा पुन्हा आला, मोबाइल पुढे करत. ग्लुटाथिऑन नावाच्या आणखी एका सप्लिमेंटची सलाइन. मी त्याला सांगितलं की शिरेतून ग्लुटाथिऑन देऊन झालेल्या छोट्या अभ्यासात ठोस फायदा सिद्ध झालेला नाही. त्याने विचारलं, ते आबांच्या गोळीच्या आड येतं का, आणि रक्तात कशाची तूट असेल तर ती त्याने भरते का. दोन्हींना मी नाही म्हटलं. त्याने मोबाइल खिशात ठेवला आणि सिंडोपाच्या दोन पट्ट्या मागितल्या.

काउंटरवर त्याच वेळी एक बाई उभी होती. तिला रक्तवाढीच्या गोळ्या हव्या होत्या. कुणासाठी, असं मी तिला विचारलं.